एकाच घरातले वाटावेत असे फोटो : फोनवरच्या एडिटिंगची रीत

गेल्या दिवाळीच्या आधी ताईकडे एक पार्सल परत आलं. ताई म्हणजे माझी आतेबहीण. ती खणाच्या कापडाच्या पिशव्या, बटवे, पाऊच शिवते आणि इन्स्टाग्रामवर विकते. पार्सलमधली पिशवी डाळिंबी होती आणि गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाहून मागवली होती राणी रंगाची. त्यांनी भांडण वगैरे काही केलं नाही, फक्त फोटोचा स्क्रीनशॉट पाठवला. तो पाहिल्यावर बाईंची काही चूक नाही हे आम्हा दोघींनाही कळलं. फोटोत ती पिशवी खरोखरच राणी दिसत होती.

मग ताईचं अख्खं पान उघडून बसलो. एक फोटो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेला, एक पिस्ता रंगाच्या भिंतीपुढे, एक गच्चीवर भर दुपारी, तर एकावर कुठला तरी फिल्टर चढवलेला, त्यामुळे पिशवीसकट कुंडीतली तुळससुद्धा तपकिरी. नऊ चौकटी, नऊ दुकानं. ताईचा उपाय तयार होता : "सगळ्यांना एकच फिल्टर लावून टाकू." बहुतेक जण हेच करतात आणि इथेच गाडी चुकीच्या फाट्याला लागते. पिवळ्या फोटोवर आणि निळ्या फोटोवर एकच फिल्टर लावला की एक जास्त पिवळा आणि एक कमी निळा, असे दोन फोटो मिळतात. सारखेपणा येत नाही.

त्यानंतरच्या काही महिन्यांत चुकतमाकत आमची जी पद्धत बसली, ती इथे लिहिते आहे. उदाहरणं खणाची आहेत, पण पापड, दागिने, कुंड्या किंवा नुसते भटकंतीचे फोटो असले तरी रीत हीच. तीन गोष्टी कायम ठेवायच्या : उजेड, पांढरा रंग आणि मागची जमीन. वस्तूचे रंग मात्र जसे आहेत तसे मोकळे सोडायचे.

आधी डोळे बारीक करून पाहा

स्वतःच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, फोन हातभर लांब धरा आणि डोळे अर्धवट मिटा. वस्तू पुसट होतील, नुसते डाग दिसतील. कुठला डाग डोळ्यात खुपतो? आमच्याकडे तीन खुपत होते, आणि तिन्हींत पिशवीचा काही दोष नव्हता. दोष मागच्या भिंतीचा आणि दिव्याचा होता. ही तपासणी पाच मिनिटांत होते. ती केल्याशिवाय एडिटिंगचं अॅप उघडूच नका.

अर्धं काम खिडकीपाशी

ताईच्या घरी उत्तरेकडची एक खिडकी आहे. तिथे थेट ऊन सहसा येत नाही, म्हणून दिवसभर उजेड मऊ असतो. आता सगळे फोटो तिथेच, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा या वेळात निघतात. उत्तरेची खिडकी नसेल तर जिथे ऊन थेट पडत नाही अशी कुठलीही चालेल, किंवा पातळ पांढरा पडदा लावा. पावसाळ्यात 'उजेडच नाही' म्हणून लोक फोटो काढायचे थांबतात. खरं तर ढगाळ आभाळ म्हणजे फुकटात मिळालेला भला मोठा पडदा. सावल्या कडक पडत नाहीत, जरीची काठ चमकून पांढरी होत नाही. उजेड कमी वाटला तर फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि टायमर लावा, म्हणजे हात हलणार नाही.

फोटो काढताना घरातले सगळे दिवे बंद. हे ताईला पटायला वेळ लागला, कारण डोळ्यांना ट्यूबलाइट लावल्यावर खोली उजळ दिसते. पण खिडकीचा उजेड निळसर असतो आणि बल्बचा पिवळा. दोन्ही एकाच कापडावर पडले की डावी बाजू निळी आणि उजवी पिवळी होते. असा फोटो पुढे कितीही खटाटोप केला तरी एका पट्टीने सुधारत नाही. डावी बाजू सुधारली की उजवी बिघडते. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांची आणखी एक खोड म्हणजे त्यांच्या उजेडात लाल रंगाचा अंश कमी असतो. डाळिंबी, विटकरी, कुंकवाचा लाल हे रंग त्याखाली मेल्यासारखे दिसतात आणि जो रंग कॅमेऱ्यात आलाच नाही तो एडिटिंगने परत आणता येत नाही.

भिंतीचं तसंच. आपल्याकडे पिस्ता, पीच, आकाशी भिंतींची हौस दांडगी. उजेड भिंतीवर आपटून कापडावर येतो तेव्हा भिंतीचा रंग बरोबर घेऊन येतो. पिस्ता भिंतीजवळ अबोली बटवा ठेवा आणि त्याची सावलीची बाजू बघा, ती शेवाळी दिसेल. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा ड्रॉइंग पेपर उभा केला की भिंतीचा रंग अडतो आणि सावलीची बाजूही उजळते.

मागची जमीन म्हणून आम्ही कच्च्या सुती कापडाचा तुकडा घेतला, न रंगवलेला आणि न धुतलेला. खणाचा रंग बहुधा गडद असतो, त्यामुळे त्यावर तो उठून दिसतो. तुमची वस्तू फिकी असेल तर जुना लाकडी पाट किंवा कोटा फरशी घ्या. दोन जमिनी पुरेत. तिसरी आली की पान पुन्हा बाजारासारखं दिसायला लागतं.

फोनच्या बाबतीत एवढंच पाहा. लेन्स सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनच्या लेन्सवर तेलाचा हात लागलेला असतोच आणि त्याने सगळा फोटो धुकट येतो. फ्लॅश नको. ब्यूटी मोड आणि दृश्य ओळखून रंग आपोआप गडद करणारी एआयची सोय बंद ठेवा, कारण ती प्रत्येक फोटोला आपल्या मर्जीने वेगळं रंगवते. वाइड लेन्स जवळून वापरू नका, पिशवीचे कोपरे ताणले जातात. १ एक्स किंवा २ एक्सवर, दोन पावलं मागे सरकून काढा. मग पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच बांधले जातात. बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते किंचित खाली ओढा. थोडा अंधारलेला फोटो उजळता येतो. पांढरा फटक झालेला वाचवता येत नाही.

पहिल्या फोटोत एक करडा कागद

दर बैठकीला पहिला फोटो काढताना वस्तूशेजारी ग्रे कार्ड ठेवा. फोटोग्राफीच्या सामानाच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं. पुढे अॅपला 'हा करडा आहे, त्यावरून बाकीचं ठरव' असं सांगता येतं. आम्ही सुरुवातीला कार्डाऐवजी घरची पांढरी चादर वापरली आणि सगळे फोटो पिवळट झाले. दोन दिवस डोकं खाजवल्यावर आत्याच म्हणाली, "अगं, तिला नीळ घातलीय!" निळीचा हात फिरलेली चादर निळसर असते. अॅपने तो निळा काढायला म्हणून सगळ्या फोटोत पिवळा ओतला. कपड्यांच्या पावडरींमध्येही पांढऱ्याला उजळवणारी द्रव्यं असतात, म्हणून धुतलेल्या पांढऱ्या कापडावर भरवसा ठेवू नये.

फोनचा पडदा खोटं बोलतो

एडिटिंगच्या आधी नाइट मोड, डोळ्यांना आराम देणारा मोड आणि आयफोनवर ट्रू टोन बंद करा. हे तिन्ही बहुतेक वेळा पडदा पिवळट करतात, आणि तो पिवळेपणा फोटोत आहे असं समजून तुम्ही फोटो निळा करून ठेवता. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पडद्याचे रंग 'विविड'वर असतात, ते 'नॅचरल'वर आणा. ब्राइटनेस आपोआप बदलू देऊ नका, साधारण मध्यावर पक्का करा. आणि रात्री अंथरुणात पडून एडिट करू नका. अंधारात पडदा झगझगीत वाटतो, आपण फोटो अंधारे करत जातो आणि सकाळी कपाळाला हात लावतो.

एक म्होरक्या फोटो

आता अॅप. आम्ही लाइटरूमची मोबाइल आवृत्ती वापरतो. मास्किंगसारखी (म्हणजे फोटोचा एखादाच भाग निवडून सुधारण्याची) काही साधनं पैसे भरल्यावर मिळतात, पण या कामाला फुकटातलं पुरतं. गूगलचं स्नॅपसीडही छान आहे आणि त्यात केलेलं काम 'लुक' म्हणून साठवून दुसऱ्या फोटोवर लावता येतं. आयफोनवाल्यांनी काहीच घ्यायचं नसेल तर आयओएस १६ पासून साध्या फोटो अॅपमध्येही एका फोटोचे बदल कॉपी करून दुसऱ्यावर चिकटवता येतात. अॅप कुठलंही घ्या, मात्र एकच घ्या.

बैठकीतला सगळ्यात साधा, मध्यम रंगाचा फोटो निवडा. झगझगीत राणी नको, काळपट आमसुली नको. आम्ही बहुतेक वेळा विटकरी घेतो. यावर मन लावून काम करायचं, बाकीचे याच्या मागून चालणार. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी फोटो सरळ करा. पाटाची किंवा खिडकीची कड आडवी आहे ना, एवढं बघा.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसेल असं करणं. लाइटरूममध्ये कलरखाली ड्रॉपरचं चिन्ह आहे. ते कार्डाच्या फोटोत करड्या भागावर टेकवा. टेंप आणि टिंटच्या पट्ट्या आपोआप सरकतील. टेंप म्हणजे निळा-पिवळा आणि टिंट म्हणजे हिरवा-जांभळट. पिस्ता भिंतीची भुतं टिंटमध्ये उतरवायची असतात हे लक्षात ठेवा. लोक टेंपशी झटापट करत बसतात आणि टिंटला हातच लावत नाहीत. सरकलेले आकडे म्होरक्या फोटोवर कॉपी करा.

रंग जागेवर आल्यावरच उजेडाकडे वळा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, इतका वाढवा की मागचं कच्चं कापड स्वच्छ दिसेल पण त्याचा पोत जाणार नाही. हायलाइट्स उणे ३० च्या आसपास, म्हणजे जरीची चमक आटोक्यात येते. शॅडोज अधिक १५, म्हणजे घड्यांमधलं दिसायला लागतं. हे आमच्या खिडकीचे आकडे; तुमच्या खिडकीचे वेगळे असतील. पण कुठलीही पट्टी ५० च्या पुढे न्यावी लागत असेल तर फोटो पुन्हा काढा, तेच लवकर होतं.

सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, हात लावायचा झालाच तर खाली, उणे ५. कॅमेऱ्याने आधीच रंग चढवलेले असतात. टेक्स्चर अधिक १० ठेवलं की विणीचा दाणा दिसतो. क्लॅरिटी आणि डीहेझ शून्यावर राहू द्या. या दोन पट्ट्यांनी कापड गोणपाटासारखं दिसतं.

हे झालं की सगळ्या पट्ट्यांचे आकडे एकत्र साठवा; या साठवलेल्या संचाला प्रीसेट म्हणतात. काय काय साठवायचं याची यादी येते, तिच्यातून क्रॉप, म्हणजे फोटोची काटछाट, वगळा. नाव साधं आणि कळेल असं द्या. आमच्या प्रीसेटचं नाव 'खिडकी पावसाळा' आहे. 'खिडकी उन्हाळा' वेगळा आहे, कारण मे महिन्यात समोरच्या इमारतीच्या भिंतीवरचं ऊन उसळून खोलीत येतं आणि सगळं पिवळसर होतं.

आता प्रीसेट बाकीच्या फोटोंवर लावा. त्यानंतर प्रत्येकावर फक्त एक्स्पोजर बघा, बाकी काही नाही. म्होरक्याशेजारी ठेवून मागच्या कापडाचा उजेड जुळवायचा. पिशवीचा उजेड जुळवायचा नाही. आमसुली पिशवी विटकरीपेक्षा काळपट असणारच; तिला उजळायला गेलात की मागचं कापड पांढरं फटक होतं आणि पान पुन्हा विस्कटतं. पंधरा फोटोंना आता वीसेक मिनिटं लागतात. आधी एका फोटोला तेवढी लागायची.

दगा देणारे रंग

पार्सल परत आलं ते इथल्या चुकीमुळे. फोनचा कॅमेरा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांत मोजतो आणि प्रत्येक भागाला वरची मर्यादा असते. डाळिंबी, राणी, गुलबक्षी अशा भडक रंगांत लाल भाग त्या मर्यादेला जाऊन थडकतो. तिथून पुढे फोटो उजळला की लाल वाढू शकत नाही, पण निळा आणि हिरवा वाढत राहतात. त्यामुळे डाळिंबीचा राणी होतो, आणि त्याचबरोबर विणीतला दाणा नाहीसा होऊन सपाट लाल डाग उरतो. फोटो मोठा करून धागे वेगळे दिसतात का ते बघणं ही याची साधी परीक्षा आहे.

उपाय दोन टप्प्यांत. काढतानाच सूर्याचं चिन्ह नेहमीपेक्षा जास्त खाली ओढा, फोटो अंधारलेला वाटला तरी. मग कलर मिक्समध्ये जा. तिथे आठ रंगांच्या स्वतंत्र पट्ट्या असतात. लालवर जाऊन सॅच्युरेशन उणे १०, ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) उणे १० इथून सुरुवात करा, आणि प्रत्यक्ष पिशवी खिडकीपाशी हातात धरून पडद्याशी ताडून बघा. वस्तू कपाटात आणि फोटो फोनवर असताना आठवणीने रंग जुळवणं म्हणजे चव न बघता मीठ घालणं.

जांभळा आणि त्याच्या शेजारचे रंग फोनला नीट कळत नाहीत. जांभळा हमखास निळ्याकडे झुकतो. कलर मिक्समध्ये जांभळ्याची ह्यू, म्हणजे रंगछटेची, पट्टी किंचित गुलाबीकडे न्या. कधी निळ्याचीही न्यावी लागते, कारण फोनने त्याला निळ्यातच जमा केलेलं असतं. रामा आणि मोरपंखीच्या बाबतीत अॅक्वा नावाची पट्टी पाहा. हे बदल त्या त्या रंगाच्या फोटोपुरतेच. प्रीसेटमध्ये घालू नका, नाहीतर पुढच्या फोटोतल्या बाकीच्या रंगांचीही वाट लागेल.

आणि धूपछांव. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येणाऱ्या खणात हा प्रकार पुष्कळ असतो : उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड हललं की रंग बदलतो. असल्या कापडाचा एकच 'खरा' फोटो नसतोच, त्यामुळे एडिटिंगने तो शोधू नका. आम्ही दोन बाजूंनी दोन फोटो काढतो आणि तिसरा सहा सेकंदांचा व्हिडिओ, हातात घेऊन हलवलेला. एकाच पोस्टमध्ये तिन्ही टाकतो. धूपछांव पिशवी अजून एकही परत आलेली नाही.

माणूस फोटोत आला की

पिशवी खांद्याला लावून कुणी उभं असेल तर त्वचेचा रंग बहुतेक नारिंगी पट्टीत येतो. विकत मिळणारे 'उजळ, हवेशीर' थाटाचे प्रीसेट नारिंगीचं सॅच्युरेशन खाली आणि ल्युमिनन्स वर नेतात. आपल्या सावळ्या त्वचेवर तो प्रयोग झाला की माणूस राखाडी दिसतो, तापातून उठल्यासारखा. मी असले प्रीसेट विकत घेऊच नका म्हणेन. ताईने आधी नारिंगी उजळून पाहिली होती, 'छान दिसतं' म्हणून. मग स्वतःचा हात फोटोशेजारी धरला आणि गुपचूप पट्टी शून्यावर आणली.

पानावरची मांडणी

जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या पानावरच्या चौकटी चौरस राहिलेल्या नाहीत, ३:४ अशा उभ्या झाल्या आहेत. फोनचा कॅमेरा साधारणपणे याच प्रमाणात फोटो काढतो, म्हणजे उभा काढलेला फोटो न कापता बसतो. ४:५ चा फोटो टाकला तर चौकटीत दोन्ही बाजूंची बारीक पट्टी झाकली जाते. जुने चौरस फोटो मात्र दोन्हीकडून जवळजवळ आठवा हिस्सा गमावतात. पिशवीचे बंद कापलेले दिसत असतील तर कारण हे. म्हणून नवीन फोटो काढताना वस्तूच्या दोन्ही अंगांना श्वास घ्यायला जागा सोडा.

क्रमाचा फार बाऊ करू नका. बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक मांडणी पाहायला गोड असते, पण एक पोस्ट चुकली की सगळा पट सरकतो. आमचा नियम एकच आहे : एकाच रंगाच्या दोन पिशव्या शेजारीशेजारी नकोत, आणि दर चार-पाच फोटोंनंतर एक शांत फोटो, म्हणजे नुसतं कापड, कात्री, टेपपट्टी असं काही. जुने विजोड फोटो पुसू नका, अर्काइव्हमध्ये टाका. त्यांच्यावरच्या गिऱ्हाइकांच्या कमेंट जपून राहतात, वाटलं तर पुढे परत आणता येतात.

बाहेर काढताना

फोटो जेपेगमध्ये, एसआरजीबी (बहुतेक पडद्यांवर चालणाऱ्या) रंगात, १०८० पिक्सेल रुंदीचा ठेवा, म्हणजे ३:४ साठी उंची १४४०. मोठा फोटो टाकलात तर इन्स्टाग्राम तो स्वतः लहान करतं, आणि ते काम आपल्या हाताने केलेलं बरं. एकीने फोटो काढायचे आणि दुसरीने टाकायचे अशी वाटणी असेल, आमच्याकडे आहे, तर फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवू नका, तिथे ते दाबले जातात आणि विणीचा पोत आधी जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

टाकायच्या आधी एक शेवटचा फेरा आत्याच्या जुन्या फोनवरून. तिच्या फोनचा पडदा फिका आहे, वरून तडा गेलेला आहे, आणि ताईची निम्मी गिऱ्हाइकं तसल्याच फोनवर बघत असणार. तिथे आमसुली पिशवी काळी ठिक्कर दिसली तर मी शॅडोज आणखी पाच वाढवते. डाळिंबीचा फोटो आत्याला दाखवून ताई विचारते, "कुठला रंग?" आत्या चष्मा वर सरकवून डाळिंबी म्हणाली की फोटो जातो.